शिंपीमामाच्या खडूच्या खुणा

माझा मामा शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस छप्पन्नाव्या वर्षी पियानो शिकायला बसला, तेव्हा मामी म्हणाली, "दोऱ्यांचा गुंता कमी पडला वाटतं!" पहिले तीन महिने त्याचा उजवा पाय सवयीने पियानोखालचं पेडल मारत सुटायचा आणि सगळे सूर एकमेकांत कालवले जायचे. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तो पाय स्टुलाखाली घ्यायला लावला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मामा जरा अडखळला की पहिल्या सुरापासून पुन्हा सुरू करायचा. त्यामुळे पहिली ओळ लोण्यासारखी आणि शेवटची रामभरोसे. गेल्या वर्षी वर्गाच्या कार्यक्रमात तो मध्येच तीनदा अडला, तीनदा मागे गेला आणि मग उठून सरळ खाली उतरला. पोरासोरांसमोर! मला असा राग आला होता. त्याचा नव्हे, खिदळणाऱ्या पालकांचा.

"यंदा शेवटपर्यंत वाजवीन, नाहीतर पियानो विकून टाकीन," असं तो बाईंना सांगून बसला.

बाईंनी विचारलं, "काका, कॉलर बिघडली तर अख्खा शर्ट उसवता का?"

"छे! कॉलरच उसवतो."

"मग इथे रोज अख्खा शर्ट कशाला उसवता?"

धंद्यातलं बोललं की मामाला चटकन पटतं. त्याने खिशातला खडू काढला आणि बाई सांगतील तिथे सुरांच्या कागदावर पाच खुणा केल्या. रोज शेवटच्या खुणेपासून सुरुवात, मग तिच्या आधीची. आधी एकेक हात, मग दोन्ही, तेही सावकाश.

"आणि लोकांसमोर चुकलात, तर मागे फिरायचं नाही," बाई म्हणाल्या, "पुढची खूण गाठायची."

"दोन महिने नुसतं गाण्याचं शेपूट ऐकतेय मी," मामी कुरकुरायची.

कार्यक्रमाला आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो. तिसऱ्या खुणेनंतर मामाचं बोट घसरलं. हात थांबले. मामीने माझं मनगट घट्ट धरलं. मामाची नजर कागदावर वर, पहिल्या ओळीकडे गेली. मग ती खाली आली आणि तो चौथ्या खुणेपासून वाजवू लागला. शेवटची ओळ तर त्याने घरच्यासारखी वाजवली.

टाळ्या झाल्या. पुढची मुलगी वही घेऊन पायरीशी येऊन उभी राहिली. गेल्या वर्षी अर्ध्यातून उठून गेलेला माझा मामा यंदा संपलं तरी उठेना.