काजं राहिलेले सदरे

गल्लीतली दुकानं एकेक करून बंद पडली, तरी थोरलीने शिवणाचं मशीन हलवलं नाही. शेजारच्या गाळ्यातली तिची धाकटी जाऊ मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकाकडे राहायला गेली. दोघींची कामाची वाटणी तरुणपणीच झालेली: बेतणं-शिवणं थोरलीचं, काजं-बटणं धाकटीची.

मग एका संस्थेने अख्खी गल्ली विकत घेतली. पैसे लावणाऱ्यांना नफ्याची घाई नव्हती, वस्ती पुन्हा उभी राहायला हवी होती. छपरं दुरुस्त झाली, दिवे आले, जुन्या दुकानदारांना परवडेल अशा भाड्यात गाळे मिळू लागले.

"शेजारचा गाळा तुमच्या जाऊबाईंसाठी महिनाअखेरपर्यंत राखते," संस्थेतली मुलगी म्हणाली. "पुढे दुसऱ्याला द्यावा लागेल, काकू. दारं बंद राहिली तर गिऱ्हाईक इकडे वळायचं नाही."

थोरलीने फोन लावला. "बघते," धाकटी म्हणाली. थोरलीने ते 'येते' असंच धरून टाकलं.

संस्थेने नव्या दवाखान्याचे सदरे तिच्याकडे दिले. तिने शिवून थप्पी लावली. चौकात काजाचं मशीन होतं, पण तिकडे एकही सदरा धाडला नाही.

महिना संपता संपता मुलगी सदरे न्यायला आली. एक उलगडून म्हणाली, "काकू, बटणं कशात अडकवायची?"

थोरलीने पुन्हा फोन केला. दुपारी धाकटी आली आणि रिकाम्या गाळ्यात मांडी घालून कामाला लागली. दोरा ओवायला मात्र सुई थोरलीपुढे धरली.

"दिसत नाही वाटतं."

"तुमचं तोंड दिसतं, जाऊबाई. तेवढं पुष्कळ झालं."

दोघी हसल्या. मग थोरलीने विचारलं, "गाळ्याचं काय?"

धाकटी काजाचा टाका घालत राहिली. "नातू शाळेतून आला की आधी मला हाक मारतो. देऊन टाका गाळा."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

अंधार पडायच्या आत बस गाठायला धाकटी निघाली. काही सदरे राहिलेच. थोरलीने मुलीला गाळा देऊन टाकायचा निरोप धाडला आणि पहिलं काज स्वतः घातलं. वाकडं आलं. उसवून पुन्हा घातलं. बाहेर कधी नव्हे ती वर्दळ होती. पावलं वाजली की तिची मान आपोआप वर व्हायची.