चीफसाहेब, इंग्लंड आणि माझी बायको

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोळंबी सोलणं. बुधवारची संध्याकाळ होती. मी स्वयंपाकघरात खाली एक पेपर पसरला आणि सालं त्यावर टाकायला लागलो. ती समोर बुटक्या स्टुलावर बसून कोळंबीतला काळा दोरा काढत होती. दहा-बारा झाल्या असतील, तेवढ्यात ओरडली, "अहो, हा पेपर कुठून घेतलात?"

"रद्दीतून."

"रद्दीत नव्हता तो. टेबलावर होता. त्यात इंग्लंडचं आलंय."

सालं उचलून तिनं मांडीवरच्या फडक्यात घेतली, पान ओल्या कपड्यानं पुसलं आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर माझ्या बनियनशेजारी चिमटे लावून वाळत घातलं. मी म्हटलं, "तुझा चीफ नाक धरून वाचेल."

"वाचेल. त्यांनी जन्मभर डिझेलचा वास घेतलाय."

"आणि मी काय अत्तराचा घेतला?"

ती हसली. मग आम्ही उरलेली कोळंबी सोलली. एवढंच. गुरुवारी जेवून ती जरा आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत!

आता हे इंग्लंड आमच्या घरात कसं आलं ते सांगतो. आमची मुलगी तिकडे असते. जावयाचा लहानसा धंदा आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवून युरोपात पाठवतो. इंग्लंड युरोपच्या देशांच्या संघातून बाहेर पडलं तेव्हापासून त्याच्या मालाला शंभर कागद लागायला लागले. गाड्या बंदरावर अडकायच्या. जुनी गिऱ्हाइकं गेली, त्यानं दोन कामगार कमी केले. मुलगी फोनवर रडायची आणि तिची आई इथे सिंगापूरला, मुलाच्या वुडलँड्सच्या घरात बसून पेपर वाचायची. मी चौथी शिकलेला. ती मॅट्रिक झालेली, इंग्रजी पेपर बोट ठेवून ठेवून वाचायची, पण वाचायचीच.

आणि चीफसाहेब. तो पलीकडच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, लेकीकडे राहतो. जहाजावर चीफ इंजिनियर होता. मी फिटर. एका जहाजावर दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली काढली आहेत. तोंडावर मी त्याला साहेब म्हणतो आणि अहो-जाहो करतो. इथे लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

त्याचं म्हणणं उलट होतं. इंग्लंड बाहेर पडलं ते बरं केलं, सुरुवातीला थोडं लागेल, मग स्वतःच्या पायावर उभं राहील. रोज सकाळी साडेसातला आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची आणि भांडायची. येणारे-जाणारे थांबायचे. पुण्याची आयटीवाली पोरं ऑफिसला जाताजाता म्हणायची, "काकू, आज स्कोअर काय?" ती म्हणायची, "काका मागे आहेत."

साहेब म्हणायचा, "वहिनी, लांब कशाला जाता? हे सिंगापूर बघा. मलेशियातून बाहेर पडलं. काय नुकसान झालं?"

"बाहेर पडलं नाही साहेब, बाहेर काढलं. आणि पाणी अजून मलेशियातून, पुलापलीकडूनच येतं ना? पहाटे चारला त्या पुलावर माणसांची रांग बघा. तिकडून कामाला इकडे येतात. तुटलंय कुठे काय?"

"रांग आहे म्हणजेच धंदा आहे!"

"रांगेत तुम्ही उभे नाही म्हणून धंदा दिसतोय."

लोक हसायचे. तोसुद्धा हसायचा, मान मागे टाकून. मी दोन टेबलं सोडून चिनी म्हाताऱ्यांची सोंगट्यांची बाजी बघतोय असं दाखवत बसलेला असायचो. त्या खेळातलं मला आजतागायत काही कळत नाही. कान सगळा इकडे. त्यामुळे तिचे सगळे मुद्दे मला पाठ झाले होते. निदान मला तसं वाटत होतं.

तो हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, येताना दोन कोपी आणायचा, पिशवीत बांधलेली कॉफी, एक त्याला, एक तिला. आमच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. घरी तिनं कधी कॉफी प्यायली नाही. मी एकदा विचारलं, "तुला कॉफी आवडते?" तर म्हणते, "तुम्ही कधी विचारलंत?"

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. तीस वर्षं बोटीवर होतो, वर्षाचे नऊ-नऊ महिने. तेव्हा ती गावाला एकटी, तरणीताठी, तेव्हा माझ्या मनात कधी काही आलं नाही. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ब्लॉकखाली, सगळ्या जगासमोर, इंग्लंडवरून बोलणाऱ्या बायकोकडे मी चोरून बघत बसायचो. वावगं काही नव्हतं, ते मला ठाऊक होतं. वावगं असतं तर मी त्याची मान धरली असती. हे धरायला कुठे येत नव्हतं. माझ्याशी ती मिठाचं बोलायची, गोळ्यांचं बोलायची, चष्मा कुठे ठेवलात ते बोलायची. त्याच्याशी बोलताना ती पुढे झुकायची. माझ्याशी बोलताना कधी पुढे झुकली नाही. तिनं झुकावं असं काही मी बोललोही नसेन.

इथल्या मराठी म्हाताऱ्या माणसांचा महिन्यातून एकदा मेळावा असतो. टॅम्पिनीसपासून जुरोंगपर्यंतची, बेटाच्या दोन्ही टोकांची सगळी येतात. त्यात या दोघांचा वाद ठरला होता, विषय असा की इंग्लंडचं बाहेर पडून नुकसान झालं की नाही. त्यासाठीच ते पेपरचं पान हवं होतं.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी साहेब घरी आला. मुलानं खुर्ची दिली. बसला आणि रडायला लागला, खांदे हलवून. मी तोवर रडलो नव्हतो. मला काय वाटलं सांगू? वाटलं, हा कोण माझ्या आधी रडणारा? सून त्याला पाणी द्यायला गेली आणि मी नुसता बघत राहिलो.

डोळे पुसून म्हणाला, "मेळावा पुढे ढकललाय. तेरावा झाल्यावर घेऊ. माझ्या मनात असं आहे, वहिनींची आठवण म्हणून दोन्ही बाजू मीच मांडतो. त्यांचे सगळे मुद्दे मला तोंडपाठ आहेत."

माझ्या अंगाचा भडका उडाला. तिची कॉफी झाली, रडणं झालं, आता तिचं बोलणंही हाच बोलणार? "नको," मी म्हटलं. "तिची बाजू मी मांडतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला त्यातलं काय..."

"तू गप बस. माझी बायको होती."

मग मी पंधरा दिवस तयारी केली. अंघोळ करताना बोलायचो. लिफ्टमध्ये एकटा असलो की बोलायचो. एकदा दार उघडलं आणि समोर मलाय बाई उभी. म्हटलं, "इंग्लंड," आणि बाहेर पडलो.

मेळाव्याला चाळीसेक माणसं होती. पहिल्यांदा मला बोलवलं. मी इंग्लंडच्या बंदरावर अडकलेल्या गाड्यांचं सांगितलं, जावयानं घरी बसवलेल्या दोन माणसांचं सांगितलं, पुलावरची रांग सांगितली. सिंगापूरला बाहेर काढलं होतं, ते आपणहून निघालं नव्हतं, हे तर मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टॅम्पिनीसच्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, जमलं. तिची बाजू माझ्याकडे राहिली.

मग साहेब उठला. माईक घेतला नाही. इंजिन रूममधला आवाज काढला, "फिटर, नुकसान तात्पुरतं आहे! दहा वर्षांत इंग्लंड सावरेल!"

आणि मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "नुकसान तात्पुरतं आहे साहेब! दहा वर्षांत इंग्लंड सावरेल!"

जे बोटीवर होते ते समजले असतील. इंजिन रूममध्ये कानठळ्या बसतात. चीफनं हुकूम दिला की तो जसाच्या तसा मोठ्यानं परत म्हणायचा, म्हणजे त्याला कळतं की ऐकलं. ऐकून गप्प राहिलास तर शिवी खावी लागते. तीस वर्षं तेच केलं. कुणी त्या आवाजात बोललं तर माझं तोंड माझं राहत नाही.

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅच फिक्स होती!" मुलानं खाली मान घातली. मी उभाच. बस म्हटल्याशिवाय बसायचंही सुचेना.

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "वहिनी असत्या तर मला असं सुटू दिलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, दहा वर्षं थांबायला तुमच्याकडे पेन्शन आहे, साहेब. ज्याचं काम आज गेलं त्यानं दहा वर्षं काय खायचं? याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. मी हरलो."

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तिच्यासाठी. पण तिचं बोलणं आलं त्याच्या तोंडून. ती जिंकली, आणि ते त्यानं जिंकून दिलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, की हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. पेन्शनचं. दोन टेबलांवरून इतके दिवस कान लावून बसलो आणि हे माझ्या कानावर आलं नाही. मग तिनं ते कधी म्हटलं? मी कुठे होतो?

घरी येताना मुलगा म्हणाला, "बाबा, काकांनी किती मोठेपणा दाखवला." मी म्हटलं, "दाखवू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी खाली गेलो. साहेब पेपर उघडून एकटाच बसला होता. कोपी एकच होती. सोंगट्यांच्या टेबलाकडे न जाता मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ते पेन्शनचं तिनं कधी म्हटलं?"

"बसा आधी."

"कधी म्हटलं?"

"मागच्या महिन्यात. तुम्ही डोळे तपासायला गेला होतात त्या दिवशी."

"आणखी काय काय म्हणाली, मी नव्हतो तेव्हा?"

"अहो फिटर, खूप आहे. असं एकदम कसं सांगू?"

"मला वेळ आहे," मी म्हटलं आणि तिच्या जागेवर बसलो. सिमेंट थंड होतं. "पहिल्यापासून सांगा. इंग्लंडचं, दुसरं कुणाचं, माझं काही असेल तर तेही."

त्यानं पेपर मिटला. मग सांगायला लागला, "एकदा वहिनी म्हणाल्या, इंग्लंडचा निर्णय मला मान्य आहे, परंतु..."

"'परंतु' असं ती कधी म्हणायची नाही," मी म्हटलं. "'पण' म्हणायची. आणि निर्णय मान्य आहे असं तर जन्मात कुणाला म्हणाली नाही. नीट आठवा."

साहेब सावरून सरळ बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला, हळू, एकेक शब्द तपासून. मी पुढे झुकून ऐकत होतो, आणि जिथे चुकेल तिथे अडवत होतो.