गालावरचं फूल

“हे मांगं घे, ते पुढं घे,” असं म्हणत काकू कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवायच्या आणि बोटानेच चित्र सरकवू पाहायच्या. दुसऱ्या हाताखाली माउस नुसता पडून असायचा. त्या गेल्या की मी रोज पडदा पुसायची.

रिसोडला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. शेजारीच काकूंचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की त्या माझ्याकडे येऊन बसत. त्यांच्या पुण्याच्या भाचीने आपल्या बाळाचे फोटो, फिती, पानंफुलं असं सगळं कॉम्प्युटरवर मांडून छान पुस्तक केलं होतं. तसं एक त्यांना आपल्या लेकीचं करायचं होतं. लेक एकुलती एक, अकोल्याला बँकेत नोकरीला.

मी लेअर समजावून सांगायला लागले. फोटो एका कागदावर, फीत दुसऱ्या, फूल तिसऱ्या. सगळे कागद पारदर्शक आणि एकावर एक ठेवलेले. काकूंनी मला मधेच थांबवलं.

“म्हंजे साड्यायचा गठ्ठा. खालची पाह्यजे असन त वरच्या इस्कटायच्या नाही. अलगद ओढायची अन् वर ठेवायची.”

आता मी सगळ्यांना असंच शिकवते.

लहानमोठं करणं मात्र त्यांना लवकर जमेना. कोपऱ्यातून ओढला तर फोटो सगळीकडून सारखा वाढतो, बाजूने ओढला तर नुसता रुंद होतो. काकू नेमक्या बाजूने ओढत. एकदा त्यांचे सासरे पानभर पसरले, ढोलासारखे. काकू जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “येवढे जाड नोयते ते. आवाज तेवढा जाड होता.” मग कोपरा धरून सासऱ्यांना त्यांनी पुन्हा मूळ मापात आणलं, तेही डोक्यावरचा पदर नीट करून.

काकूंच्या अंगावर कोड होतं. ओठांच्या कडेला, डाव्या गालावर, बोटांच्या पेरांवर पांढरे डाग. कोड हात लावल्याने होत नसतं हे तुम्हाला-मला माहीत आहे. तरी काही बायका त्यांच्या हातून कापड घेत नसत. काकांनी उलगडून दाखवलं तरच हात लावत. म्हणून काकू दुकानात पुढे बसायच्या कमी झाल्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. भिंतीला भिंत असली की दिसतं.

पुस्तकाची पानं भरत गेली. लेकीचं बारसं, पहिली सायकल, शाळेतलं नाचणं. लेक थोडी मोठी झाल्यानंतरच्या पानांवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जिथे जिथे काकू स्वतः होत्या, तिथे त्यांच्या डाव्या गालावर, ओठांच्या कडेपर्यंत, एक फूल असे. कधी गुलाब, कधी जास्वंद, एकदा फुलपाखरू. कोपरा धरून डाग झाकेल एवढंच ते मोठं केलेलं. या कामात त्यांचा हात एकदाही चुकत नसे.

मी म्हटलं, “काकू, फूल कशाला? चेहऱ्याचा रंग एकसारखा करता येतो. कुणाला कळणारही नाही.”

“थे नाही करायचं,” त्या म्हणाल्या. “थे खोटं होते.”

“आणि हे?”

“हे फूल हाये. फोटोवर फूल ठेवलं. उचललं की मी हावोच तिथं.”

मग त्यांनी सांगितलं. लेकीला जालन्याचं एक स्थळ आलं होतं. घर चांगलं होतं, पत्रिका जुळली होती. पाहायला यायच्या आधी हे पुस्तक त्यांच्याकडे पाठवायचं होतं, म्हणजे मुलगी कोणत्या घरात वाढली ते त्यांना दिसेल.

“माह्याच्यानं तिचं अडाले नको,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान काढायला सांगितलं.

सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा काकू तिला मोठ्या हौसेने क्लासमध्ये घेऊन आल्या. लेक एकेक पान पाहत होती. सुरुवातीला हसत होती, मग पडद्याजवळ वाकून पाहू लागली. शेवटचं पान पाहून झाल्यावर तिने माझ्या हातातून माउस घेतला आणि मागे गेली. दहावीच्या निकालाच्या पानावर थांबली. गालावरचा गुलाब धरून बाजूला नेला, कोपऱ्यातून लहान केला आणि पानाच्या कडेला ठेवला. मग पुढचं पान.

“काय करून राह्यली?” काकूंनी विचारलं.

“या फोटोत तू हसून राह्यली, आई. मले थे पाह्यचं हाये.”

“त्यायले दिसन ना.”

“दिसू दे. आज दिसलं त आज नाही म्हणतीन. लग्न झाल्यावर दिसलं त मले आयुष्यभर ऐकवतीन. अन् तू माह्या घरी यायची कशी? फूल लावून?”

काकू उठल्या. “तुले काय समजते,” एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण दाराशी चपला घालताना पाय दोनदा चुकला.

त्यानंतर बरेच दिवस त्या आल्या नाहीत. दुकानात दिसत, पण मान खाली घालून कापडाचे तागे गुंडाळत असत. मग एका दुपारी आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “छापाले पाठव. तिनं ठेवलं तसंच.”

पुस्तक जालन्याला गेलं. थोड्याच दिवसांत निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

“पत्रिका त आंदीच जुळली होती,” काकू मला म्हणाल्या. आम्ही दोघी चहा प्यायलो.

पुढचा काळ त्यांना जड गेला. घरात जावा-नणंदा टोचून बोलत. आईनेच पोरीचं वाटोळं केलं, असं एकीने माझ्यासमोर म्हटलं. लेक दर रविवारी फोन करायची आणि ‘मी बरी आहे’ एवढंच सांगायची. काकूंनी त्या काळात भाचीच्या बाळाचं आणखी एक पुस्तक केलं, पण त्यात स्वतःचा एकही फोटो घेतला नाही.

नंतर अमरावतीचं स्थळ आलं. तेच पुस्तक तिकडे गेलं. मुलाची आई ते घेऊन काकूंच्या घरी आली. काकूंनी दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना.

“माह्या तोंडाकडे पाह्यलंच नाही व तिनं. दहावीच्या निकालाचं पान उघडलं अन् म्हणे, हे जरीचं पातळ कुठलं? अजून भेटते का?”

“मग?”

“मंग काय, दुकानात नेलं. साऱ्या घड्या मोडल्या तिनं. म्या एकेक काढून देल्ली, अन् तिनं घेतली.”

शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या.

लग्न झालं. पुढे काकांचे गुडघे गेले, दुकान झेपेना, आणि दोघं लेकीजवळ अमरावतीला राहायला गेली. निघायच्या दिवशी काकू निरोप घ्यायला आल्या. क्लासच्या भिंतीवर मी केलेल्या पानांचे नमुने लावलेले आहेत: वाढदिवस, डोहाळजेवण, साखरपुडे. त्या सगळे पाहत उभ्या राहिल्या.

“यात तुह्यी आई कोणती?”

“नाही यात, काकू.”

“काहून?”

लोकांचे हजारो फोटो माझ्या हाताखालून गेले, पण आईचा म्हणावा असा एकही माझ्याकडे नव्हता. एका लग्नाच्या घोळक्यात मागे अर्धी दिसते, तेवढाच.

काकू गेल्या. त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. दुपारी माझ्याकडे कुणी नुसतं येऊन बसत नाही.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या रविवारी मी आईकडे केनवडला गेले. आमचा तिथे भाजीपाल्याचा मळा आहे. आई वांगी तोडत होती. मी फोन समोर धरताच तिने पदर तोंडावर ओढला.

“माहा कायले काढून राह्यली? अवतार पाह्य माहा.”

मी फोन खाली घेतला. बांधावर बसून राहिले. ती आपली एकेक सरी पुढे जात होती. टोपलं भरलं, तिने ते खाली ठेवलं आणि घाम पुसायला पदर बाजूला घेतला, तेव्हा फोटो काढला.