कढल्यातली कॉफी

जुलै १९९४. मोखाड्याच्या बाजाराचा दिवस, दुपार. जीपमध्ये हजर: मी, म्हणजे अंगणवाड्यांची मुख्यसेविका, जव्हारला घरी निघालेले नेहमीचे गुरुजी, सूर्यमाळकडच्या पाड्यावरची एक आई आणि तिच्या मांडीवर तिचं वर्षाचं लेकरू. गाडीबाहेर पत्र्याच्या शेडखाली, स्टोव्हपुढे उकिडवे बसलेले आमचे ड्रायव्हर. सगळा स्टँड त्यांना मामा म्हणायचा.

मामांची बसायची तऱ्हा ठरलेली. डावा हात गुडघ्यावर, उजव्या हातात फोडणीचं कढलं, नजर कढल्यात. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

"मामा, कॉफी करताय की अभिषेक?" गुरुजी विचारायचे.

"फेस येऊ दे. मग बोला."

मामा कुवेतला एका तुर्की ठेकेदाराची गाडी चालवायचे. तिथं लढाई लागली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. येताना एवढी कॉफीच काय ती शिकून आले. सामान म्हणाल तर वातीचा स्टोव्ह, कढलं आणि काचेचे दोन छोटे पेले. सगळं ड्रायव्हरच्या सीटखाली. नाशिकहून आणलेली पूड घरी खलबत्त्यात पुन्हा कुटायची, फडक्यातून गाळायची, पार गंधासारखी करायची. थंड पाण्यात पूड आणि साखर एकदमच. एक वेलदोडा ठेचून. काय ढवळायचं ते आधी. वात लागली की चमचा बंद. मग कडेनं तपकिरी फेस धरतो, आत सरकतो, फुगतो. उकळी फुटणार तेवढ्यात कढलं उचलायचं. थोडा फेस पेल्यात, उरलेली पुन्हा वातीवर. ओतल्यावर गाळ बसेपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही.

मी पहिल्यांदा प्यायले ती तळापर्यंत. दातांत चिखल.

"बाई, घोट घ्यायचा होता," मामा म्हणाले. "तुम्ही तर तळ नांगरलात."

पुढे मीही शिकले. पावसात भिजून आल्यावर ते दोन घोट, वेलदोड्याचा वास आणि वरचा मऊ फेस. तेवढ्यासाठी मी एसटी सोडून जीपनं जायची.

मामांचा नियम एकच: कॉफी उतू गेली की गाडी बंद. माणसं भांडायची, शिव्या द्यायची. मामा कढलं घासून ठेवायचे आणि मागच्या सीटवर आडवे व्हायचे. मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. एकदा तसं बोललेही.

"बाई, मी चव नाही बघत," ते हळूच म्हणाले. "हात बघतो. जव्हारच्या वाटेवरच्या मोठ्या वळणावर, दाट धुक्यात, माझं पुढचं चाक कड्याबाहेर गेलं होतं. आधी पॅसेंजर उतरवले, मग मी उतरलो. तेव्हापासून हात कधी ऐकतो, कधी नाही. वेळेवर कढलं उचललं गेलं, तर ब्रेकही लागेल."

त्या दुपारी धुकं असं होतं की शेडमधून समोरचं दुकान दिसत नव्हतं. बाकीच्या जीपवाल्यांनी गाड्या लावून टाकल्या होत्या. लेकराला दोन दिवसांची हगवण होती. मोखाड्याच्या डॉक्टरांनी ताबडतोब जव्हारला न्यायला सांगितलं होतं. आई त्याच्या ओठांना ओलं बोट लावत होती.

"बाय, डोलं उघडत नाय गं."

कढल्यात फेस आला, फुगला. मामांचा हात हलला, पण वर गेला नाही. कॉफी उतू गेली, स्टोव्ह चुर्र करून विझला.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा केली. पुन्हा उतू गेली. जळक्या साखरेचा वास सुटला. मामांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"बाई, तुमच्याकडं लायसन आहे ना?"

होतं. नाशिकला भावाच्या गाडीवर, सपाट रस्त्यावर काढलेलं. मी तसं सांगितलं. गुरुजी म्हणाले, "बाई, विचार करा हां!" मग आईकडे बघून त्यांनीच मला ड्रायव्हरचं दार उघडून दिलं.

मामांनी शर्ट काढला. आत पांढरा बनियन होता. कमरेला टॉवेल गुंडाळला. "मी पुढं पळतो. पहिल्या गियरमधून काढू नका. बनियन मोठा व्हायला लागला की ब्रेक. छोटा व्हायला लागला की हॉर्न. माझ्या मागं या, बस."

तुम्ही कधी बनियनच्या मागे गाडी चालवली आहे का? मला रस्ता दिसत नव्हता, दरी दिसत नव्हती, फक्त तो पांढरा ठिपका हलत होता. मागे आई लेकराला सारखी हाका मारत होती. हाका थांबल्या की मला जास्त भीती वाटे.

मोठ्या वळणावर बनियन दिसेनासा झाला.

मी ब्रेक दाबला. हॉर्न वाजवला. काही नाही.

"मामा!" गुरुजी ओरडले. "अहो मामा, कुठं गेलात?"

"इथंच!" आवाज बाजूनं आला, दरीच्या अंगानं. "मी काठावर उभा आहे. गाडी माझ्या आतल्या बाजूनं काढा. थांबू नका!"

काच खाली करून पाहिलं. धुक्यात मामा, दरीकडे पाठ, टाचा काठावर. मी स्टिअरिंग धरून सरकत राहिले. त्यांचा हात बॉनेटवर आला, मग दारावर, मग मागे गेला. पत्र्यावर तो हात थडथड वाजत होता, पण माणूस जागचा हलला नाही.

वळणाखाली धुकं विरळ होतं. मामा धापा टाकत मागे बसले, गाडी मीच जव्हारपर्यंत नेली. सलाईन लागलं. अंधार पडायच्या आत लेकरानं डोळे उघडले आणि रडलं. मामांनी दवाखान्याच्या ओट्याशी स्टोव्ह पेटवला. या वेळी कढलं वेळेवर उचललं गेलं. पहिला पेला आईला.

"कडू हाय की," ती म्हणाली आणि सगळा प्यायली.

"दरवेळी मी कुठं उभा राहणार?" मामा मला म्हणाले. "त्या काठावर दगड लावू. चुना मारू. धुक्यात दिसतील."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी एकट्यानं दगड लावले, पार काठाला. चुना पावसाआधी मारायचा ठरला होता. त्याआधीच मामा गेले, झोपेत.

मी दोनदा चुन्याची बादली घेऊन तिथं गेले आहे, तेही स्वच्छ उन्हात. गाडीतून उतरते, निम्म्या रस्त्यापर्यंत जाते. पुढे दरी दिसते, पाय उचलत नाही. दगड अजून काळेच आहेत.