टोपीखालचा ओला रुमाल

नवं राज्य होऊन दोनच उन्हाळे झाले होते तेव्हा आमची फौजेची कंपनी रायपूरला आली. कॅम्प शहराबाहेर होता, आज जिथे नव्या रायपूरचे रुंद रस्ते आहेत त्या बाजूच्या मोकळ्या रानात. माझ्या नोकरीत घराजवळची पोस्टिंग एवढी एकदाच मिळाली. शहरातल्या तात्यापाऱ्यात आई, बायको आणि तीन महिन्यांची मुलगी. घर तासाभरावर, पण आउट पासशिवाय गेट ओलांडता येत नसे. आउट पास मिळवायचा खात्रीचा रस्ता म्हणजे स्टिक.

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. रोज १६३० ला, म्हणजे दुपारी साडेचारला, पहाऱ्यावर चढणाऱ्या जवानांची पाहणी होई. तिला गार्ड माउंटिंग म्हणतात. पाहणी करणारा ऑफिसर सर्वांत टापटीप जवान निवडतो. तो स्टिक. त्याला पहारा माफ, आणि आमच्या कंपनीत शनिवारचा आउट पासही. यात प्लाटूनची इज्जत असते, म्हणून प्रत्येक प्लाटून आपला एक जवान सजवते. बुटांना धूळ लागू नये, पँटची घडी मोडू नये म्हणून दोघेजण त्याला बराकीतून मैदानापर्यंत अक्षरशः उचलून नेतात.

आमच्या प्लाटूनचा असा जवान म्हणजे सिपाही सुरेश ठवरे. रायपूरजवळच्या बीरगांवचा, वडील शेजारच्याच उरलाच्या कारखान्यात. उचलणाऱ्या दोघांत एक मी.

ठवरेला घाम येत नसे. मे महिन्यातही त्याची इस्त्री सकाळी असेल तशीच संध्याकाळी. माझ्या पाठीवर मात्र बेल्ट बांधेपर्यंत घामाने नकाशा काढलेला असे. गार्ड कमांडर हवालदार यादव मला भास्कर या नावाने हाक मारतच नसत. "अरे ओ झरना," म्हणत. सात वेळा मी गार्डला उभा राहिलो, सातही वेळा स्टिक ठवरेला. मग मला उमेदवारीतून काढून उचलायला लावलं. एका शनिवारी दोघांनाही पास मिळाला म्हणून त्याला घरी जेवायला नेलं, तर आई म्हणाली, "पाह्य बरं, पोट्टा कसा कोरडा आहे! नाहीतर तू." तिने त्याला दुसरी पुरणपोळी वाढली. मला विचारलंही नाही. हेवा हा शब्द सभ्य झाला. मी जळत होतो.

मेच्या सुरुवातीला एका पाहणीला बाहेरून मोठे साहेब येणार होते. आदल्या संध्याकाळी ठवरेला उचलून नेताना त्याच्या टोपीतून एक थेंब माझ्या मनगटावर पडला. वाटलं, आला एकदाचा घाम. पण थेंब थंड होता. परत आल्यावर मी लपून पाहिलं. त्याने टोपीखालून ओला रुमाल काढला, नळाखाली धरला, पिळून मानेवर फिरवला.

मी सरळ यादवांकडे गेलो. "साब, ठवरे टोपी के नीचे गीला कपड़ा रखता है."

दुसऱ्या दिवशी १६०० वाजता यादव बराकीत आले. ठवरेची टोपी काढली. रुमाल फरशीवर पडला.

"ये क्या है?"

"साब, गर्मी लगती है."

"सबको लगती है. नल के पास दिखना मत."

यादव गेल्यावर ठवरेने माझ्याकडे पाहिलं. "तूनं सांगितलं ना? काहून रे?"

"तूच सांग, काहून भिजवते?"

"मले घाम येत नाही, भाऊ. राजस्थानात अंगभर घामोळं झालं होतं, तवापासून बंद आहे. आंग नुसतं तापत जाते."

मी हसलो. "घाम येत नाही म्हणून रडून राहिला! देव मले असं दुखणं देवो."

"डॉक्टरले नको सांगू. मेडिकल कॅटेगरी खाली आली तर स्टोअरमध्ये बसवतीन मले."

ते मी कोणालाही सांगितलं नाही. जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं, आणि जे सांगायला हवं होतं ते इमानदारीने पोटात ठेवलं.

१६२० ला आम्ही त्याला उचलून मैदानात उभं केलं. १६३० झाले, १७०० झाले, साहेबांचा पत्ता नाही. आम्ही उचलणारे महुव्याच्या झाडाखाली सावलीत. गार्ड उन्हात, सावधान-विश्राम, सावधान-विश्राम. इतरांच्या पाठी भिजून काळ्या पडल्या. ठवरेची पाठ कोरडी, घडी शाबूत. खोटं कशाला बोलू, आज तरी हा हलावा असं मला वाटत होतं.

१७२५ ला तो हलला. हुकूम नसताना एक पाऊल पुढे आला, काहीतरी बडबडला आणि तोंडावर पडला.

रेडिओवाला माझ्या शेजारीच होता. "एक जवान गिरा है. हीट केस. गाड़ी भेजो. ओव्हर."

"गाड़ी साहब को लाने गई है. बीस मिनट. ओव्हर."

आम्ही दोघांनी त्याला पुन्हा उचललं, या वेळी टाकीकडे. अंग तव्यासारखं. शर्टाची बटणं तोडली. आतली बनियान ठणठणीत कोरडी होती. तिच्यावर पहिलं पाणी पडलं ते माझ्या कपाळाचं. मग बादल्या ओतल्या. गाडी १७४८ ला आली.

ठवरे दुसऱ्या दिवशी ११२० ला गेला. वय पंचवीस.

माझ्याकडून रुमालाचं आणि घामोळ्यांचं ऐकून हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाकावर बसवून समजावलं. काहींना जन्मतःच घामाच्या ग्रंथी कमी असतात. काहींच्या नसा बिघडतात, डायबेटीसमध्ये असं होतं. काही औषधांनी घाम अडतो, भाजून बऱ्या झालेल्या कातडीला घाम येत नाही. ठवरेच्या ग्रंथींची तोंडं घामोळ्यांनीच बुजली असणार. "ज्याचं शरीर स्वतःवर पाणी मारू शकत नाही, त्याने बाहेरून मारायचं असतं," ते म्हणाले. "तो तेच करत होता."

चौकशीत मी सगळं सांगितलं. यादवांनीही आपलं सांगितलं, काही लपवलं नाही. शिक्षा मला झाली नाही. महिन्याभराने स्टिकसाठी माझं नाव पुढे आलं तेव्हा मी नको म्हणालो. शेवटपर्यंत उचलणाराच राहिलो. बीरगांवच्या स्मशानापर्यंतही पुढचा उजवा खांदा माझाच होता.

तेराव्यानंतर त्याच्या आईकडे गेलो. रुमालाची गोष्ट तिला सांगितली. आपल्या तोंडानेच सांगायची होती. ती म्हणाली, "इथं आला की तुह्याच गोष्टी करे. म्हणे, आई, भास्करले असा घाम येते, नुसता धो धो. त्याले पाहून माह्या जीव जळते."

पत्र्याचं घर, मे महिना. माझा शर्ट अंगाला चिकटला होता. खुंटीवर सुरेशचा गमछा होता. मी चेहरा पुसायला खिशात रुमाल शोधू लागलो, तेव्हा तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "येऊ दे घाम."

दरवर्षी सुरेश गेला त्या तारखेला मी बीरगांवला जातो. ती पंखा लावत नाही, मीही लाव म्हणत नाही.