बिनकर्जाचं घर

घराची नोंदणी करायला आम्ही नवरा-बायको सरकारी कचेरीतल्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक तरुण जोडपं होतं. त्यांचं घर कर्जावरचं. दोघं एकाच फोनमध्ये डोकं घालून पडद्यांचे रंग ठरवत होती.

आमच्यावर कर्ज नाही. ऋण काढून सण करायचा नाही, हे वडिलांनी मनावर बिंबवलेलं. म्हणून आधी साठवलं. घराची किंमत जमली तेव्हा कळलं, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, सोसायटी हे सगळे अजून दारात उभेच आहेत. मग आणखी थांबलो. सहली पुढच्या वर्षावर ढकलत राहिलो. ही मुलं हप्ते घरात राहून फेडतील. आम्ही ते बाहेर राहूनच फेडले, एवढंच. त्यांना हप्ते म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरी खोली हवी होती ती लेकीच्या अभ्यासासाठी. लेक आता नोकरीला बंगळूरला असते.

"तिच्या खोलीला रंग कुठला द्यायचा?" मी बायकोला विचारलं.

"पांढरा द्या," ती म्हणाली. "पाहुण्यांना चालतो."

तेवढ्यात त्या जोडप्याला फोटोसाठी बोलावलं. कॅमेऱ्यासमोर बसल्याबसल्या दोघांना हसू फुटलं. कारकून वैतागला. "अहो, हसू नका. तोंड मिटा. सरळ बघा." तिसऱ्यांदा त्यांचा फोटो जमला.

मग आम्ही बसलो. कारकुनाला आम्हाला काहीच सांगावं लागलं नाही.