डाव्या हाताची रायफल

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी वडिलांना व्हिजिट व्हिसावर बहारीनला आणलं. घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात, माझी मुलगीसुद्धा. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ईसा टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर गॅलरीत बसून शाळेच्या बसेस बघत. नवरा सित्राच्या रिफायनरीत शिफ्टवर, मी ऑफिसात. दुपारी शाळा सुटली की घरात आबा आणि माझी अकरा वर्षांची मुलगी, दोघंच.

त्या दोघांचं काही जमत नव्हतं. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आणि ती डावखुरी. ताटावर बसली की आबा म्हणायचे, "उजव्या हातानं जेव गं, बाळ." पहिले काही दिवस तिनं ऐकलं. मग ती आबांचं जेवण उरकेपर्यंत खोलीतून बाहेरच येईना. नवरा म्हणाला, "राहू दे, वयस्कर माणूस आहे, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न." मला मात्र दोघांकडे बघवत नसे.

तेवढ्यात तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. स्वतःच्या मनानं एक देश तयार करायचा आणि त्याची सगळी माहिती चार्ट पेपरवर मांडायची. तिनं एक बेट काढलं. त्याचं नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं आहे, म्हणून इथंही लिहीत नाही. झेंडा झाला, नाणी झाली, खजुराच्या बागा झाल्या. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ती जेवणाच्या टेबलावर सैन्याचा चार्ट घेऊन बसली. प्रत्येक सैनिकाला मिळणारी एकच एक सरकारी रायफल तिला काढायची होती.

आबा पाणी प्यायला आले आणि मागं उभे राहिले.

"ह्ये काय गं? मिक्सर हाय का?"

"इट्स अ रायफल, आबा," ती तोंड वळवून म्हणाली. खरं तर तिनं गेममध्ये दिसतं ते सगळं त्या चित्राला जोडलं होतं. दुर्बीण, टॉर्च, दोन-दोन नळ्या.

"एवढं ओझं घिऊन तुझा शिपाई चालंल कसा?"

तिनं रबर उचललं. बहुधा चिडूनच. पण टॉर्च खोडला.

आबा खुर्ची ओढून बसले. म्हणाले, आम्ही भरती झालो तेव्हा साधी बोल्टची रायफल होती. एक गोळी झाडली की बोल्ट हातानं मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, तेव्हा दुसरी गोळी आत जाणार. "दाराची कडी असती का न्हाई, तसा दांडा. वर, मागं, पुढं, खाली." तिला कळेना. मग ते उठले, फरशी पुसायचा मॉप घेऊन आले, उजव्या खांद्याला लावला आणि हवेतल्या हवेत बोल्ट ओढून दाखवला. तोंडानं खट्-खट् आवाजही काढला. माझे वडील तोंडानं आवाज काढतात हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून मी हललेच नाही.

"गिव्ह मी," म्हणून तिनं मॉप घेतला आणि सहजपणे डाव्या खांद्याला लावला.

"आगं, उजव्या—" आबा म्हणाले.

तिचा चेहरा पडला. पण या वेळी ती खोलीत निघून गेली नाही. "इन माय कंट्री एव्हरीबडी इज लेफ्टी," ती म्हणाली. "सो द बोल्ट इज ऑन द लेफ्ट." आणि पेन्सिल घेऊन तिनं तो दांडा नळीच्या डाव्या बाजूला काढला.

आबा त्या चित्राकडे बघत राहिले. मग तिच्या हातातून मॉप घेतला आणि डाव्या खांद्याला लावला. उजवा डोळा मिटला, मान झुकवली, डाव्या हातानं बोल्ट ओढला. वर, मागं, पुढं, खाली. किती सहज! मघाशी ते शिकवल्यासारखं करत होते, आता त्यांचं सगळं अंग त्यात होतं.

"मी बी डावराच," ते म्हणाले.

"काय?" मी दारातूनच विचारलं.

"शाळेत गुरुजींनी हात बांधून ठिवला वर्षभर. मग जमलं उजव्यानं. फौजेत पुन्यांदा तीच गत. बोल्ट उजवीकडं, माझा नेम डाव्या डोळ्याचा. शिकवणारा उस्ताद म्हणायचा, 'राइफल सरकार की है, तेरे हाथ की नहीं.'" ते माझ्याकडे बघून थोडं हसले. "तुझ्या आईला म्हाईत हुतं फक्त."

मुलगी त्यांच्या हाताकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "दुखलं?"

मराठीत. तसं बोल म्हणून मी तिला सांगितलं नव्हतं.

आबांनी मॉप भिंतीला टेकवला. "दुखलं न्हाई. पर आपलं वाटायचं न्हाई काही." मग खुर्ची तिच्या अगदी जवळ सरकवून म्हणाले, "आता दस्ता काढ, खांद्याला टेकतो त्यो लाकडाचा भाग. लाकूड कुठलं हाय तुमच्याकडं?"

"डेट पाम."

"खजुराचं चालायचं न्हाई, धागं सुटत्यात त्याचं. आक्रोड पाहिजे."

मग बेटाच्या उत्तरेला अक्रोडाचं जंगल उगवलं. तिथले शिपाई तिच्याएवढेच बुटके, म्हणून दस्ता आखूड झाला. पट्टा रुंद झाला, कारण आबांच्या मते रायफल झाडायची वेळ क्वचित येते, खांद्यावरून न्यायची मात्र रोज. दुपारी तिघं एकत्र जेवलो. ती डाव्या हातानं जेवली, आबांनी तिला भाजी वाढली.

शाळेत प्रदर्शन होतं त्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून चार्टशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हिंदीत बोल्ट समजावून सांगत राहिले. एका केरळी बाईंनी विचारलं, "लडाई किसके साथ है?" मुलीनं आबांकडे पाहिलं.

"अभी किसी के साथ नहीं," आबा म्हणाले. "पहले अखरोट बड़े होने दो." बाई खळखळून हसल्या.

व्हिसा संपला तसे ते गावी गेले. विमानतळावर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो डावा की उजवा हे माझ्या लक्षात नाही. मी रडत होते.

आता शुक्रवारी सकाळी ती त्यांना फोन लावते. मोडकंतोडकं मराठी, मध्येच इथलं अरबी, "यल्ला आबा, सांगा ना!" सध्या बेटावर नदीवरचा पूल चाललाय आणि कमानी किती काढायच्या यावर वाद आहे. मागच्या आठवड्यात आबांनी शेजाऱ्याला सोबत घेऊन गावच्या पुलाचा फोटो काढून पाठवला. फोटोत निम्म्याहून अधिक त्यांचं बोटच आलं होतं. तिनं तो तसाच छापून घेतला आणि आपल्या टेबलासमोर चिकटवला.